बोट कुठे ठेवावे? : स्पंदमापनाच्या जागांची कथा

आमच्या लहानपणी घरात कुणी अंथरूण धरले की वैद्यबुवांना बोलावणे जाई. चपला ओट्याखाली काढून, पाय धुऊन ते आजाऱ्याच्या खाटेशी बसत, त्याचा हात आपल्या मांडीवर घेत आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे टेकवून डोळे मिटत. त्या वेळी घरातील सारे बोलणे आपोआप थांबे. आजीच्या हातातील जपमाळेचे मणीही जागच्या जागी राहत. वैद्यबुवा काय ऐकतात हे आम्हाला कळत नसे, पण ज्या जागी बोटे ठेवायची ती जागा त्यांनी कधी चुकवल्याचे आम्हाला आठवत नाही.

त्याच घरात २०२१ च्या मे महिन्यात, महामारीची दुसरी लाट भरात असताना, आमच्या वृद्ध मावशींच्या बोटाला आम्ही ऑक्सिमीटर लावला आणि त्यावर ८४ हा आकडा उमटला. त्या दिवसांत या आकड्याचा अर्थ शाळकरी पोरांनाही ठाऊक होता. रुग्णालयात खाट मिळते का, प्राणवायूचे सिलिंडर कुणाकडे आहे, यासाठी फोन सुरू झाले. एवढ्यात आळीत राहणाऱ्या एक निवृत्त परिचारिका आल्या. त्यांनी यंत्राकडे न पाहता आधी मावशींचा हात हातात घेतला. "हात बर्फासारखा पडलाय की हो!" असे म्हणून त्यांनी तो तळहातांत धरून ऊब दिली, यंत्र करंगळीवरून काढून मधल्या बोटाला लावले आणि पुरती दोन मिनिटे वाट पाहिली. आकडा ९५ वर येऊन स्थिरावला. तरीही त्या उठल्या नाहीत. त्यांनी पुढे काय केले ते शेवटी सांगू. त्या रात्रीपासून आमच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. शरीराच्या किंवा यंत्राच्या आत चाललेली धडधड बाहेरून मोजायची तर बोट नेमके कुठे ठेवायचे, आणि ती जागा ठरवली कुणी? शोध घेऊ लागलो तेव्हा ही कथा चीनपासून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली दिसली. ती वाचकांपुढे ठेवत आहोत.

मनगट ही नाडीची स्वाभाविक जागा आहे, असे आज आपल्याला वाटते. वस्तुतः ती निवड आहे, आणि तिच्यावर वाद झालेले आहेत. चीनमधील 'हुआंगदी नेइजिंग' या प्राचीन वैद्यकग्रंथात डोके, हात आणि पाय अशा तीन विभागांत प्रत्येकी तीन, अशा नऊ जागी नाडी पाहण्याची रीत सांगितली आहे. त्यानंतरच्या 'नान जिंग' या ग्रंथाची सुरुवातच एका शंकेने होते. शरीरात इतक्या ठिकाणी नाडी उडत असता केवळ मनगटावरची पाहून साऱ्या अवयवांची अवस्था कशी कळावी? ग्रंथाने मनगटाच्या बाजूने कौल दिला. पुढे तिसऱ्या शतकात वांग शुहे याने 'माइ जिंग' हा नाडीवरचा ग्रंथ रचला. मनगटावरील त्या बोटभर जागेचेही छुन, कुआन आणि छी असे तीन भाग पडले आणि प्रत्येक भागावर एक बोट ठेवण्याचा प्रघात दृढ झाला.

दुसऱ्या शतकात, रोमन साम्राज्यात, गॅलेन हा ग्रीक वैद्य याच जागेवर आला, पण त्याची कारणे साधी आणि व्यवहाराची होती. मनगटावर मांस कमी, त्यामुळे रोहिणी त्वचेच्या लगत असते. आणि तेथे हात लावण्यासाठी रुग्णाचे वस्त्र उतरावे लागत नाही. आम्हाला हे दुसरे कारण फार मोलाचे वाटते. वैद्यकातील मोजमापाची जागा शरीररचनेने जितकी ठरवली तितकीच ती लज्जेने, म्हणजे माणसाचा मान राखण्याच्या भावनेने ठरवली.

आपल्याकडे नाडीपरीक्षा अनादी काळापासून चालत आली असा समज आहे, तो मात्र तपासून पाहावा लागतो. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचा विधी आढळत नाही. संस्कृत वैद्यकग्रंथांत तो स्पष्टपणे येतो तो शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे सर्वसाधारणपणे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. अंगठ्याच्या मुळाशी असलेली ती नाडी जीवाची साक्षी आहे, असे शार्ङ्गधर सांगतो आणि तिच्या चालीला सर्प, बेडूक, हंस यांच्या चालींच्या उपमा देतो. आमच्या वैद्यबुवांच्या तीन बोटांखाली हेच प्राणी चालत असावेत. ही सगळी भाषा गतीच्या रूपाची आहे. मिनिटाला किती ठोके, हा प्रश्न तिच्यात नाही, कारण मिनिट मोजणारे साधन हाताशी नव्हते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने पाण्याच्या घड्याळावर नाडी मोजली असे सांगतात. पण ती वाट पुढे फारशी चालली गेली नाही.

ती पुन्हा उघडली इटलीत, आणि एका गमतीच्या उलटापालटीने. पिसाच्या कथीड्रलमध्ये हेलकावे घेणारा दिवा गॅलिलिओने पाहिला आणि स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांवर त्याचे झोके मोजले, ही कथा त्याच्या व्हिव्हियानी या शिष्याने लिहून ठेवली आहे. कथेतील वर्ष १५८३ चे. यात्रेकरूंना आज दाखवला जाणारा दिवा मात्र १५८७ चा आहे. तेव्हा कथेवर किती विसंबावे हे वाचकांनी ठरवावे. लंबकाचे झोके समकाली असतात, हे गॅलिलिओने १६०२ च्या एका पत्रात मांडलेले आहे, एवढे निश्चित. त्याच सुमारास सांतोरिओ या वैद्याने उलट दिशेने विचार केला. नाडीवर लंबक मोजता येतो, तर लंबकावर नाडी का मोजू नये? दोरीला गोळी बांधून, झोके नाडीशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची आणि मग दोरीची लांबी वाचायची, असे त्याचे 'पल्सिलोजियम' होते. नाडी त्यावर ठोक्यांत न येता लांबीच्या मापात येई. आज तापलेली नाडी काल कशी होती, हे वैद्याच्या आठवणीवर न सोडता दोरीवर दाखवता येण्याची ती सुरुवात होती.

यापुढची कडी आमच्या वाचकांना विशेष जवळची वाटावी. मिखाल बोइम हा १६१२ मध्ये जन्मलेला पोलिश येशूसंघीय धर्मगुरू. त्याचे वडील पोलंडच्या राजाचे वैद्य होते. बोइम चीनमध्ये गेला आणि तेथील वनस्पती, नकाशे यांबरोबर नाडीशास्त्राचाही त्याने अभ्यास केला. त्या वेळी उत्तरेकडून आलेल्या मांचू सैन्यापुढे मिंग घराणे मागे हटत होते. त्या दरबारातील काही मंडळींनी बाप्तिस्मा घेतला होता. राजमातेचे नाव हेलेना ठेवण्यात आले होते. तिचे पत्र घेऊन पोपमहोदयांच्या भेटीस निघालेला बोइम १६५१ मध्ये गोव्यात पोहोचला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना मावळत्या घराण्याचा हा दूत नकोसा होता आणि त्यांनी त्याला अडवून धरले. त्याने तेथून पाय काढला आणि खुष्कीच्या मार्गाने इराणमधून मजल दरमजल करीत १६५२ च्या अखेरीस व्हेनिस गाठले. परतीच्या प्रवासात, १६५९ साली, चीनच्या सीमेजवळ त्याला मरण आले.

त्याचे वैद्यकीय कागद मात्र जगले, तेही काही काळ दुसऱ्याच्या नावावर. बटाव्हियात डच कंपनीच्या नोकरीत असलेल्या आन्द्रेआस क्लायर याच्या नावाने १६८२ मध्ये फ्रँकफुर्टला चिनी वैद्यकाचा एक लॅटिन ग्रंथ छापला गेला. त्यात बोइमच्या हस्तलिखितांचा भाग असल्याचे अभ्यासक मानतात. १६८६ साली न्यूरेनबर्गला निघालेल्या चिनी नाडीवरील ग्रंथावर बोइमचे नाव आले, पण तोवर तो जाऊन पाव शतक उलटले होते. ज्याने गोव्यातील अटकाव सोसला, त्याच्या नावाला मुखपृष्ठावर यायला इतका काळ लागावा, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

या चिनी नाडीशास्त्राची छाप इंग्लंडातील लिचफिल्ड येथे राहणाऱ्या सर जॉन फ्लॉयर या वैद्यावर पडली. मनगटावरील जागांचे एवढे बारकावे चिनी लोक बोटाने ओळखतात, तर आपण निदान ठोके तरी नेमके मोजावेत, असे त्याला वाटले. आधी त्याने जहाजावरचे मिनिटभराचे वाळूचे घड्याळ वापरले. मग सॅम्युअल वॉटसन या घड्याळजीकडून नेमके साठ सेकंद चालून थांबणारे घड्याळ करून घेतले आणि १७०७ साली 'वैद्याचे नाडीघड्याळ' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या गणवेशावर उलटे लटकणारे ते छोटे घड्याळ आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याची वंशावळ अशी लिचफिल्डपर्यंत जाते आणि तिची एक मुळी पोलिश मिशनऱ्याच्या वहीत आहे.

येथवर बोट त्वचेच्या बाहेर होते. ते आत नेले स्टीफन हेल्स या अँग्लिकन धर्मोपदेशकाने. आपल्या टेडिंग्टनच्या पॅरिशची कामे सांभाळून तो प्रयोग करी. एका घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या रोहिणीत त्याने पितळी नळी बसवली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त नळीत चढत गेले ते ८ फूट ३ इंचांपर्यंत, आणि त्या उंचीवर प्रत्येक ठोक्याबरोबर खालीवर होत राहिले. १७३३ मध्ये हा वृत्तांत छापताना हेल्सने एक गोष्ट न विसरता नोंदवली, ती म्हणजे ही उंची हृदयाच्या डाव्या जवनिकेच्या पातळीपासून मोजलेली आहे. आजच्या वाचकाला घोडीची कणव येईल, आम्हालाही आली. पण 'कुठपासून मोजले' हे न सांगितल्यास आकड्याला अर्थ राहत नाही, हा धडा त्या एका वाक्यात आहे.

घरी रक्तदाब मोजणाऱ्यांसाठी तो आजही उपयोगाचा आहे. १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोची याने दंडावर बांधायचा हवेचा पट्टा काढला. पट्टा फुगवताना मनगटावरची नाडी बोटाखालून केव्हा नाहीशी होते ते तो पाहत असे. १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह या शल्यवैद्याने मनगटाऐवजी कोपराच्या खोबणीत नळी ठेवून आवाज ऐकला, आणि वरचा व खालचा असे दोन्ही दाब मिळू लागले. पट्टा दंडावरच का? तर बसलेल्या माणसाचा दंड सामान्यतः हृदयाच्या पातळीत असतो. हात मेजावर न टेकता खाली लोंबता ठेवला आणि पट्टा हृदयाच्या दहा सेंटिमीटर खाली गेला, तर दाब पाऱ्याच्या सात-आठ मिलिमीटरांनी जास्त दिसतो. एवढ्या फरकाने कित्येकांना आयुष्यभराच्या गोळ्या सुरू होऊ शकतात.

आता थोडे थांबून नाडी म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. हृदयाने फेकलेले रक्त त्याच क्षणी मनगटावर येऊन बोटाला लागते, असे अनेकांना वाटते. तसे नव्हे. हृदयाच्या धक्क्याने रोहिणीच्या भिंतीतून एक लाट धावते. ती सेकंदाला पाच ते दहा मीटर किंवा त्याहूनही वेगाने जाते. रक्त स्वतः तिच्यामागून पुष्कळ सावकाश येत असते. विहिरीत दगड टाकला तर लहर काठाला लागते, मधले पाणी काठाला येत नाही, तसेच हे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील वेबर बंधूंनी हा भेद प्रयोगांनी स्पष्ट केला. लाटेचे रूप वाटेत पालटते हेही पुढे ध्यानात आले. हृदयापासून दूर जावे तसे तिचे शिखर उंच आणि टोकदार होते. महारोहिणीतील वरच्या दाबापेक्षा तरुण माणसाच्या हातातील वरचा दाब अधिक भरतो, तो यामुळेच. १८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे याने मनगटाला बांधायचे स्फिग्मोग्राफ नावाचे यंत्र केले. त्याची स्प्रिंग नाडीवर टेके आणि तरफेचे टोक काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढी. बोटाखाली क्षणात विरणारी नाडी कागदावर राहिली. पण ती रेघ मनगटाची होती, हृदयाची नव्हे, हे वाचणाऱ्याने विसरायचे नव्हते.

याच दशकांत समुद्राच्या तळाशी एक वेगळीच नाडी धडधडू लागली होती. ५ ऑगस्ट १८५८ रोजी अटलांटिक महासागराखालून तारेची पहिली केबल पूर्ण झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे १६ तास लागले. दोष तार पाठवणाऱ्यांचा नव्हता. एका टोकाला दिलेला तीक्ष्ण विद्युत्स्पंद दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत वितळलेल्या मेणबत्तीसारखा पसरट होई. एकाचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढे. (शरीरातील लाट दूर जाऊन टोकदार होते, केबलमधील बोथट होते, निसर्गाची ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.) केबलची लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो, असे विल्यम थॉमसन याने गणिताने आधीच दाखवले होते. कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याला ते पटले नाही. त्याने सुमारे दोन हजार व्होल्टचे धक्के देऊन स्पंद पलीकडे ढकलण्याचा प्रयत्न केला, आणि आधीच कमकुवत असलेली ती केबल काही आठवड्यांत मुकी झाली.

थॉमसनचा उपाय आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. स्पंद पूर्ण उंचीला येण्याची वाट का पाहावी? तो उठू लागताच, त्याच्या अगदी पायथ्याशी, त्याला ओळखावे. त्यासाठी त्याने चिमुकल्या आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनवला. आरसा किंचित वळला तरी भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका सरकून दिसे. म्हणजे जागा येथे अंगावरची नव्हती. स्पंदाच्या आपल्या चढणीवरचीच होती. याच विद्येच्या बळावर १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई आणि एडन यांना जोडणारी केबल टाकली आणि लंडनची खबर मुंबईला समुद्राच्या तळातून येऊ लागली. मुंबईच्या किनाऱ्यावर तो ठिपका टिपत बसलेला तारबाबू आणि खाटेशी डोळे मिटून बसलेले वैद्यबुवा, यांच्यातील अंतर आम्हाला फार मोठे वाटत नाही.

चढणीवर नेमक्या कोणत्या जागी मोजायचे, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात रडारने अटीतटीला आणला. रडार स्पंद सोडते आणि विमानावर आपटून तो परत येण्याचा वेळ मोजते; एका मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे विमानाच्या अंतरात दीडशे मीटरांचा फरक. आता प्रतिध्वनी 'आला' असे कधी म्हणावे? ठराविक उंची ओलांडली की आला म्हणावे, तर बलवान प्रतिध्वनी ती लगेच ओलांडतो आणि दुबळा उशिरा. एकाच अंतरावरची दोन विमाने मग वेगळ्या अंतरांवर दिसतात. म्हणून प्रत्येक स्पंदाची त्याच्या स्वतःच्या उंचीच्या प्रमाणात जागा ठरवणे शहाणपणाचे ठरले. अभियंत्यांत आज सर्रास चालणारी रीत अशी आहे. स्पंदाचा चढण्याचा वेळ त्याच्या उंचीच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत मोजायचा आणि रुंदी ५० टक्क्यांवर. शून्यापासून शंभरपर्यंत का नाही? कारण पायथा इतका सावकाश उठतो की आरंभ कुठला हे सांगता येत नाही, आणि माथ्यावर स्पंद बहुधा थोडा उसळून डगमगतो. दोन्ही टोके संदिग्ध. म्हणून खात्रीच्या मधल्या पट्ट्यावर भर.

ज्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकाने पाहिली आहेत, त्यांना आकृतीवरील 'टेस्ट पॉइंट' हा शब्द नवा नाही. अमुक जागी असा आकार दिसला पाहिजे, असे नकाशावर चितारलेले असे आणि मेकॅनिक ऑसिलोस्कोपची सुई एकेका जागी टेकवत दोष कुठे शिरला ते शोधी. अनुभवी मेकॅनिकला आणखी एक भान असे. सुई टेकवली की मंडलावर तिचा स्वतःचा भार पडतो आणि नाजूक स्पंद तेवढ्याने विकृत होतो. शरीरातही असेच घडते. मानेतील रोहिणी जेथे दुभंगते तेथे दाबाची जाणीव ठेवणारी मज्जातंतूंची टोके आहेत. तेथे जोरात दाबले तर हृदयाचे ठोके मंदावतात आणि वृद्ध माणसाला घेरीही येते. मानेवरची नाडी एका वेळी एकाच बाजूची, हलक्या हाताने पाहावी, असे परिचारिकांना शिकवतात ते यासाठी.

विद्युत् आणि शरीर या दोन्ही वाटा एकत्र आणल्या त्या हॉलंडमधील लायडेनच्या विलेम आइंटहोफेन याने. ऑगस्टस वॉलर याने १८८७ मध्ये लंडनला माणसाच्या हृदयाचा विद्युत्प्रवाह त्वचेवरून टिपला होता. आइंटहोफेनने चांदी चढवलेल्या क्वार्ट्झच्या केसाहून बारीक तंतूचा गॅल्व्हानोमीटर केला. यंत्र खोलीभर होते, रुग्णालय सुमारे दीड किलोमीटर दूर. तेव्हा १९०५ मध्ये त्याने रुग्णाऐवजी त्याच्या हृदयाचे स्पंदच तारेने प्रयोगशाळेत आणवले. रुग्णाचे दोन हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले असत. या तीन जागांचा त्रिकोण आजही हृदयालेखाचा पाया आहे. १९२४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. छातीवरील सहा जागा १९३८ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून ठरवल्या. पहिली उरोस्थीच्या उजव्या कडेला, चौथ्या फासळीखालच्या फटीत. फासळ्या न मोजता अंदाजाने ती वर चिकटवली, किंवा उजव्या-डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली, तर निरोगी हृदयाचा आलेख रोगी दिसू शकतो. कागदावर चूक दिसत नाही, दिसतो तो आजार.

आता पुन्हा बोटाला लावलेल्या त्या चिमट्याकडे वळू. त्याची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, रक्तात सोडलेल्या रंगाच्या साहाय्याने हृदय किती रक्त फेकते ते मोजू पाहत होते. प्रत्येक ठोक्याला प्रकाश डगमगे आणि मोजणी बिघडवी. ही डगमग काढून टाकण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आले की, जे हलते आहे ते रोहिणीतील रक्त आणि जे स्थिर आहे ते त्वचा, हाड, नीलेतील रक्त. तेव्हा फक्त हलणारा भाग घेतला की प्राणवायूने भरलेले रक्त आपोआप वेगळे निघते. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांतील या डगमगीचे गुणोत्तर काढायचे, एवढेच. १९७४ साली त्यांनी हे मांडले. ज्याला अडथळा समजून फेकायचे होते तोच मोजमापाचा आधार ठरला. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले; त्याच महिन्यांत त्यांचे यंत्र जगभरच्या घरांत शिरत होते.

बोट थंड असेल तर तेथे स्पंदच क्षीण होतो आणि गुणोत्तर कशाचे काढावे हे यंत्राला कळत नाही. मावशींच्या करंगळीला हेच झाले होते. नखांच्या रंगानेही आकडा बिघडू शकतो. त्याहून गंभीर बाब २०२० च्या डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी मांडली. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रोहिणीतील प्रत्यक्ष प्राणवायू ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आढळले. म्हणजे सावळ्या त्वचेखाली यंत्र प्राणवायू आहे त्याहून जास्त दाखवण्याचा संभव अधिक. ती पाहणी अमेरिकेतील होती; पण आमच्या घराघरांतील त्वचेचा रंग पाहता आम्हाला ती वाचून स्वस्थ बसवले नाही. म्हणून आकडा चांगला असला तरी माणसाला धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर यंत्रावर विसंबून घरी थांबू नये, हे आम्ही येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

आता राहिली त्या रात्रीची गोष्ट. ९५ आकडा आल्यावर आम्ही सुस्कारा टाकला, पण परिचारिकाबाईंनी मावशींच्या मनगटावर बोटे टेकवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, जरा स्वस्थ पडून राहा बघू. बोलू नका," असे म्हणून त्यांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही मनगट धरा. अंगठ्याने नको, या दोन बोटांनी. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर आला की दोघांनी मोजायला लागायचं, पुन्हा बारावर आला की थांबायचं." त्यांनी स्टेथोस्कोप डाव्या स्तनाखाली, हृदयाच्या टोकावर ठेवला. मिनिटभर खोलीत लहानपणची तीच शांतता होती. आमची मोजणी ७८ आली. त्यांची ९६.

आम्हाला वाटले, आमचे मोजणे चुकले. त्यांनी जागा बदलून पुन्हा मोजायला लावले. आकडे थोडे हलले, अंतर राहिलेच. तेव्हा त्यांनी समजावले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली की काही ठोके इतके घाईचे पडतात की जवनिका भरायला वेळच मिळत नाही. असा रिकामा ठोका छातीवर ऐकू येतो, पण त्याची लाट मनगटापर्यंत पोहोचत नाही. अठरा ठोके वाटेतच हरवत होते. दुसऱ्या दिवशी काढलेल्या हृदयालेखाने तेच सांगितले. मावशींना रक्त साकळू नये म्हणून औषध सुरू झाले, आणि त्यांनी त्या साली नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा पहिल्या बाकावर बसून ऐकली.